शरीरच रक्त खातंय म्हणजे नेमकं काय?

डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझी मुलगी २३ वर्षांची आहे. पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करते. दिवाळीत घरी आली तेव्हा जिना चढतानाही तिला धाप लागत होती. डोळे पिवळे दिसले म्हणून सासूबाईंच्या सांगण्यावरून शेजारच्या गावी नेऊन कावीळ उतरवून आणली. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळंजर्द झालं. आठवडाभर ताक-भात आणि उसाचा रस दिला, पण पोरगी उठेनाशी झाली. सोलापूरला दाखल केलं तर हिमोग्लोबिन ४.८. रक्तपेढीत एकही पिशवी जुळेना. कुणी म्हणालं, बॉम्बे ब्लड ग्रुप असेल. शेवटी ‘त्यातल्या त्यात बरी’ म्हणून एक पिशवी हळूहळू चढवली. नंतर कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टर म्हणाले, तिच्याच शरीरातल्या पेशी तिच्या तांबड्या पेशी खातात. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. हिमोग्लोबिन ९ वर आलंय, पण चेहरा सुजलाय. घरचे म्हणतात, गोळ्या बंद करा. पुढे कदाचित प्लीहा काढावी लागेल असंही कानावर आलंय. शरीर स्वतःलाच कसं खातं? जागरणांनी झालं का, उपासांनी? आमचंच काही चुकलं का? आणि तिच्या लग्नाचं काय?
— एक आई, बार्शी तालुका

ताई,

आधी गोळ्यांचं, कारण बाकीचं सगळं दोन दिवसांनी वाचलंत तरी चालेल. गोळ्या बंद करू नका. एक दिवससुद्धा नाही. स्टिरॉइड बाहेरून मिळायला लागलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं स्टिरॉइड करायचं थांबवतात. गोळी एकदम तोडली की शरीराकडे दोन्ही नसतं. मग रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस अक्षरशः आडवा होतो. शिवाय आत्ता कुठे शांत होत चाललेला आजार पुन्हा उसळतो. तिच्या चेहऱ्याची सूज ही गोळीमुळे आलेली गोलाई आहे. डोस उतरत गेला की तीही उतरते. डोस उतरवायचं काम मात्र डॉक्टरांचं आहे आणि ते महिनोन् महिने, टप्प्याटप्प्याने करायचं असतं. तोवर साखर आणि रक्तदाब तपासत राहा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा, गोळी जेवणानंतर द्या. ताप आला तर घरी दोन दिवस वाट बघू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. ‘शरीर रक्त खातं’ हे वाक्य ऐकून कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल. पण ताई, तांबड्या पेशी खाणं हे आपल्या शरीराचं रोजचं काम आहे. तुमच्या अंगात, माझ्या अंगात ते या क्षणीही चालू आहे.

तांबडी पेशी जेमतेम १२० दिवस जगते. तिच्यात केंद्रक नसतं, त्यामुळे झीज झाली तरी नवीन भाग बनवता येत नाहीत. हाडांच्या मगजातून निघताना जे घेऊन आली, त्यावरच तिला आयुष्य काढायचं असतं. प्रौढ माणसाच्या अंगात अशा २० ते ३० लाख कोटी पेशी असतात. म्हणजे हिशेब केला तर दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक पेशी म्हाताऱ्या होऊन बाद होतात आणि तितक्याच नव्या येतात. या बाद पेशी रक्तातच फुटल्या तर आतलं हिमोग्लोबिन मोकळं सुटून मूत्रपिंडांना इजा करेल. म्हणून त्या फुटायच्या आत अलगद उचलून गिळणाऱ्या पेशी शरीरात ठिकठिकाणी बसलेल्या असतात. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात, मराठीत महाभक्षी पेशी. प्लीहेत त्या खच्चून भरलेल्या असतात, यकृतात असतात, मगजातही असतात. अशा गिळणाऱ्या पेशींचं काम इल्या मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे समुद्री जीवांच्या पारदर्शक पिल्लांमध्ये पाहिलं होतं. १९०८ चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं.

पण कुठली पेशी खायची आणि कुठली सोडायची, हे या महाभक्षी पेशींना कळतं कसं? मला स्वतःला या विषयातला हा सगळ्यात विलक्षण भाग वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

प्लीहा म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा, दीड-दोनशे ग्रॅमचा अवयव. रक्तातला काही भाग तिथे नेहमीच्या नळ्या सोडून मोकळ्या जाळीत उतरतो आणि परत रक्तवाहिनीत शिरायला त्याला अगदी बारीक फटींतून जावं लागतं. फट इतकी अरुंद, की सात-आठ मायक्रॉनच्या तांबड्या पेशीला अंग चोरून, लांबट होऊन तिच्यातून सरकावं लागतं. तरुण पेशी लवचीक असते, ती सुळकन जाते. म्हातारी ताठरलेली असते, ती अडकते. आणि फटीच्या अलीकडे मॅक्रोफेज बसलेलेच असतात. ते अडकलेल्या पेशीला चाचपतात.

चाचपून काय बघतात? निरोगी पेशीच्या अंगावर सीडी४७ नावाचं प्रथिन असतं. मॅक्रोफेजच्या अंगावरच्या दुसऱ्या एका प्रथिनाला ते भेटलं की ‘मला खाऊ नकोस’ असा निरोप जातो आणि मॅक्रोफेज हात मागे घेतो. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या तांबड्या पेशी साध्या उंदरांच्या अंगात सोडल्या तर त्या पाहता पाहता नाहीशा होतात, हे २००० साली प्रयोगाने दाखवलं गेलं. उलट म्हाताऱ्या पेशीच्या अंगावर ‘खा’ म्हणणाऱ्या खुणा जमत जातात. पडद्याच्या आतल्या बाजूला राहणारी एक चरबी बाहेरच्या बाजूला येते. पडद्यातली काही प्रथिनं एका जागी गोळा होतात आणि त्यांच्यावर रक्तातल्या नैसर्गिक अँटिबॉडी थोड्या थोड्या चिकटतात. अशा खुणा पुरेशा जमल्या की मॅक्रोफेज पेशीला कवेत घेतो आणि गिळतो.

त्या अँटिबॉडीकडे लक्ष द्या, कारण तुमच्या लेकीचा आजार तिथे आहे. अँटिबॉडी म्हणजे शिक्का समजा. जंतूवर शिक्का बसला की मॅक्रोफेज त्याला खातो, म्हणूनच आपण जगतो. तुमच्या मुलीच्या शरीरातल्या काही बी-पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) चुकीचा शिक्का बनवू लागल्या आहेत आणि तो तिच्या धडधाकट, तरुण तांबड्या पेशींवर बसतोय. पेशीच्या अंगावर ‘मला खाऊ नकोस’ लिहिलेलं असतंच, पण शिक्के फार झाले की त्याला कुणी जुमानत नाही. चूक शिक्का मारणाऱ्यांची आहे. खाणाऱ्या पेशी त्यांचं नेमून दिलेलं काम चोख करत आहेत. या आजाराला ऑटोइम्यून हिमोलिटिक अ‍ॅनिमिया म्हणतात.

उपचार कसे चालतात तेही यावरून कळेल. स्टिरॉइडमुळे आधी मॅक्रोफेजची शिक्का ओळखायची धार बोथट होते, म्हणून हिमोग्लोबिन एक ते तीन आठवड्यांत चढू लागतं. शिक्के बनणं कमी व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. घाईने गोळी बंद करण्यात धोका आहे तो यामुळेच. वरून सगळं शांत दिसतं, आत शिक्के अजून तयार होत असतात.

तिच्या रिपोर्टमध्ये ‘स्फेरोसाइट्स’ असा शब्द असेल. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरून रंगवला की निरोगी तांबड्या पेशी मधे फिकट आणि कडेला गडद दिसतात, कारण त्या मधे दबलेल्या असतात. तुमच्या मुलीच्या स्मिअरमध्ये मधेमधे काही पेशी लहान, गच्च, ठिपक्यासारख्या दिसल्या असणार, मधला फिकटपणाच नाही. त्या मॅक्रोफेजच्या तावडीतून अर्ध्यावर सुटलेल्या पेशी असतात. त्याने पेशीच्या पडद्याचा लचका तोडला, आतला माल मात्र तसाच राहिला. तेवढाच माल कमी पडद्यात बसवायचा तर पेशी गोल होते. अशी गोल पेशी ताठ असते, म्हणून पुढच्या खेपेला प्लीहेच्या फटीत अडकते आणि मग तिथेच संपते.

कूम्ब्स टेस्ट हे शिक्के शोधते. मुलीच्या तांबड्या पेशी मिठाच्या पाण्याने तीन-चारदा धुतात, म्हणजे नुसत्याच आजूबाजूला तरंगणाऱ्या अँटिबॉडी निघून जातात, पेशीला चिकटलेल्या तेवढ्या राहतात. मग त्यात माणसाच्या अँटिबॉडीला धरणारं एक द्रावण घालतात, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि तळाशी बसलेला लाल ठिपका हलकेच हलवून पाहतात. निरोगी रक्त असेल तर ठिपका धुरासारखा विरघळतो. शिक्के असतील तर गुठळ्या उठतात. कधी तर पेशी एकाच घट्ट गठ्ठ्यात राहतात. रॉबिन कूम्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये १९४५ साली ही पद्धत मांडली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्येच तिचा वापर करून या जातीचा अ‍ॅनिमिया आणि जन्मजात गोल पेशींचा अ‍ॅनिमिया वेगवेगळे ओळखता आले. त्याआधी शरीर स्वतःच्याच पेशींवर असा शिक्का मारू शकतं, हे डॉक्टरांना सहज मान्यच नव्हतं. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोकडांवर प्रयोग करून असं मांडलं होतं, की शरीर स्वतःविरुद्ध असं हत्यार उगारायला कचरतं. तो विचार इतका रुजला, की उलट पुरावे दिसूनही बरीच वर्षं मागे पडले. तुम्हाला ‘शरीर स्वतःलाच कसं काय’ हा प्रश्न पडला, तो मोठमोठ्यांनाही पडला होता.

आता पिशवी न जुळण्याचं. तुमच्या मुलीचा शिक्का बहुधा अशा प्रथिनावर बसतोय, जे जवळजवळ प्रत्येक माणसाच्या तांबड्या पेशीवर असतं. म्हणून क्रॉसमॅच करताना, म्हणजे दात्याचं रक्त तिच्या रक्ताशी जुळतं का हे बघताना, कुणाचीही पिशवी घेतली तरी नळीत गुठळ्या. बॉम्बे ब्लड ग्रुपचं प्रकरण निराळं आहे. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये तो जगापुढे आणला. त्या लोकांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा पायाच नसतो, म्हणून साध्या तपासणीत ते ‘ओ’ वाटतात, पण ‘ओ’ रक्तही त्यांना चालत नाही. त्यांचं सीरम (रक्तातून पेशी वगळल्यावर उरणारं पाणी) बाकी सगळ्यांच्या पेशींशी भांडतं, स्वतःच्या पेशींशी मात्र भांडत नाही. तुमच्या मुलीचं सीरम तिच्या स्वतःच्या पेशींशीही भांडतं. रक्तपेढीवाले हा फरक लगेच तपासतात. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर बॉम्बे ग्रुपचा दाता शोधणारा निरोप फिरत असेल तर कृपा करून थांबवा. ज्या घराला खरंच त्या गटाचं रक्त लागतं, त्याच्यासाठी ते दाते जपून ठेवलेले बरे.

सोलापूरच्या डॉक्टरांनी न जुळणारी पिशवी दिली याचा घरात कुणी राग धरला असेल तर तोही सोडा. ४.८ हिमोग्लोबिनला हृदयावर ताण येऊन जीव जाऊ शकतो. अशा वेळी रक्त अडवून धरणं ही मोठी चूक ठरली असती. आधीच्या गर्भारपणामुळे किंवा आधी दिलेल्या रक्तामुळे तयार झालेली दुसरी काही अँटिबॉडी लपलेली नाही ना, हे बघायचं, सर्वांत कमी भांडणारी पिशवी निवडायची आणि सावकाश, समोर बसून चढवायची, हीच रीत आहे. चढवलेल्या पेशीही तिच्या स्वतःच्या पेशींइतक्याच वेगाने मोडतात, पण तेवढ्यात औषधाला काम करायला वेळ मिळतो.

कावीळ उतरवण्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे पहिली वाट तीच सापडते. फक्त काय घडलं ते समजून घ्या. गिळलेल्या पेशीतल्या हिमोग्लोबिनचं मॅक्रोफेज आधी हिरवं आणि मग पिवळं द्रव्य करतो. मुका मार लागला की तो भाग जांभळा, मग हिरवट, मग पिवळा होतो ना, तिथे त्वचेखाली हेच चाललेलं असतं. हे पिवळं बिलिरुबिन यकृताने उचलून पित्तातून बाहेर टाकायचं. तुमच्या मुलीच्या अंगात पेशी इतक्या मोडत होत्या, की निरोगी यकृतालाही उपसा पुरला नाही. यकृत आजारी नव्हतंच. चुन्याच्या पाण्यात जे पिवळं दिसतं, ते आधी हाताला चोळलेल्या झाडपाल्याच्या रसाचं आणि चुन्याचं असतं. बिलिरुबिन असं धडधाकट कातडीतून झिरपत नाही. यकृताच्या साध्या, दूषित पाण्याने होणाऱ्या काविळी बहुतेक वेळा आपोआप बऱ्या होतात, म्हणून उतरवणाऱ्याला यश मिळाल्यासारखं वाटतं. ही कावीळ तशी नव्हती. सासूबाईंना हे रागाने नाही, नीट बसून सांगा. गावात उद्या कुणाला डोळे पिवळे आणि सोबत धाप दिसली तर त्याच त्याला आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करायला पाठवतील.

तुम्ही बीट, डाळिंब, खजूर देत असालच. द्या, तिला आवडत असेल तर. पण लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. मॅक्रोफेज गिळलेल्या पेशीतलं लोह फेकून देत नाही, ते मोकळं करून मगजाला परत पाठवतो. निरोगी माणसात रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह असं फिरतं, अन्नातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम येतं. म्हणजे तिचं लोह शरीरातच आहे. कमी पडतं ते फॉलिक अ‍ॅसिड, कारण मगज नेहमीपेक्षा कित्येक पट वेगाने नव्या पेशी काढतोय. ती गोळी डॉक्टरांनी दिली असेल, चुकवू नका. रिपोर्टमध्ये ‘रेटिक’ (नुकत्याच बनलेल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, तो मगज कामाला लागल्याचा पुरावा आहे.

कशाने झालं? जागरणांनी नाही, चतुर्थीच्या उपासांनी नाही, पुण्याच्या मेसने नाही आणि तुमच्यामुळे तर नाहीच. साधारण निम्म्या रुग्णांत कारण सापडतच नाही. बाकीच्यांत पाठीमागे दुसरं काही असतं. तिच्या वयाच्या मुलींमध्ये सर्वांत आधी ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते असा आजार) शोधायचा, म्हणून त्याची एएनए ही रक्ततपासणी झाली का विचारा. सांधे दुखणं, उन्हात चेहऱ्यावर चट्टे उठणं, केस गळणं, तोंडात वारंवार फोड येणं असं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, मुली हे बोलत नाहीत. लिम्फोमा (लसिका गाठींचा कर्करोग) क्वचित असतो, तरी सोनोग्राफीत गाठी बघून घेतात. काही प्रतिजैविकांनीही असं होतं, तेव्हा आजारपणाआधीच्या महिन्यात तिने पुण्यात कुठल्या गोळ्या घेतल्या त्याची यादी करा. मेडिकलमधून आणलेल्यासुद्धा.

प्लीहेचं. आजची स्थिती अशी, की तिचा नंबर बराच मागे लागतो. गोळी कमी करताना हिमोग्लोबिन पुन्हा घसरलं तर आधी सहसा रिटुक्सिमॅब देतात. ते शिक्के बनवणाऱ्या बी-पेशींनाच कमी करतं. तेही पुरलं नाही तर प्लीहा काढायचा विचार होतो. तुमच्या मुलीचा आजार बहुधा ज्या जातीचा आहे, त्या आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) अँटिबॉडीच्या आजारात शिक्के बसलेल्या पेशी मुख्यतः प्लीहेतच खाल्ल्या जातात, म्हणून तो उपाय बऱ्याच जणांना लागू पडतो. थंडीत उसळणारी एक वेगळी जात असते, तिच्यात पेशी जास्त करून यकृतात जातात आणि तिथे प्लीहा काढून फारसं साधत नाही. कूम्ब्सच्या रिपोर्टवर आयजीजी की सी३ (पेशीला चिकटणारं रक्तातलं दुसरं एक प्रथिन) हे लिहिलेलं असतं, एकदा विचारून वहीत टिपून ठेवा. प्लीहा काढलीच तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लशी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी हव्यात, कारण हे जंतू गाळण्याचं कामही प्लीहाच करते. नंतर आयुष्यभर कुठलाही ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. कुणी अगदी पहिल्या महिन्यातच ऑपरेशनची घाई केली तर रक्तविकारतज्ज्ञाचं दुसरं मत घ्या. त्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

लग्नाबद्दल तुम्ही पत्रात शेवटी, एकाच ओळीत लिहिलंय. मला वाटतं, तुमची झोप त्यानेच उडाली असावी. हा आजार थॅलसेमिया किंवा सिकलसेलसारखा आईबापांकडून लेकरांकडे जाणारा नाही. लग्न करायला, मूल व्हायला अडकाठी नाही. मात्र गर्भारपणात आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो आणि आयजीजी अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जाते, म्हणून ते दिवस तज्ज्ञाच्या नजरेखाली जायला हवेत. लपवून लग्न केलं तर नेमकी तीच काळजी घेता येणार नाही. ठरवताना स्पष्ट सांगा. ऐकून जे मागे फिरतील ते फिरू देत. आणि हा विषय आत्ता, हिमोग्लोबिन ९ असताना, तिच्यासमोर काढू नका. कोणाला कधी काय सांगायचं हे तिचं तिलाही ठरवू द्या, ती २३ वर्षांची आहे.

पुण्याला परत पाठवायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तिने विचारलं असेलच. हिमोग्लोबिन दहाच्या वर जाऊन काही आठवडे टिकलं, एलडीएच (पेशी मोडल्या की रक्तात वाढणारं द्रव्य) आणि बिलिरुबिन उतरत असलं आणि डॉक्टरांनी होकार दिला तर जाऊ द्या. अभ्यासाने हा आजार वाढत नाही. सीबीसी कुठे आणि किती दिवसांनी करायची हे जाण्याआधी ठरवा. आपल्या मनाने पुन्हा पुन्हा कूम्ब्स करू नका, बरं झाल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहू शकते. तिच्या रूममेटला इतकं माहीत हवं: लघवी गडद, कोलासारखी झाली, धाप किंवा छातीत दुखलं, चक्कर आली, डोळे पुन्हा पिवळे झाले, किंवा एकच पाय सुजून दुखू लागला (या आजारात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो) तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत न्यायचं. डिस्चार्ज कार्डाची एक प्रत तिच्या बॅगेत आणि फोटो फोनमध्ये ठेवा. त्यावर रक्तगट, कूम्ब्सचा निकाल, स्टिरॉइडचा चालू डोस आणि तिला रक्त कधी, कुठल्या रक्तपेढीतून चढवलं हे लिहून घ्या. पुन्हा कधी पिशवी लागलीच तर तिथल्या तंत्रज्ञाचे काही तास त्याने वाचतील.